कानठळ्या: कोल्हापुरातील एका रॉक कार्यक्रमानंतरचे नव्वद दिवस

रविवारी सकाळी अकराच्या सुमारास माझा भाचा चाचणीच्या ध्वनिरोधक खोलीत बसला होता आणि त्याने हातातले बटण थोड्याथोड्या वेळाने तीनदा दाबले. त्या तिन्ही वेळी मी कोणताही सूर सोडलेला नव्हता. श्रवणचाचणीत कानात अगदी बारीक सूर आला तरी बटण दाबायचे असते. सूर नसताना ते दाबले गेले, तर एकतर माणूस घाई करतो आहे किंवा त्याच्या कानातच काहीतरी वाजते आहे. काचेपलीकडून तो मला म्हणाला, "मावशी, तुझं मशीन मधेच आपोआप वाजतंय." मशीन व्यवस्थित होते. वाजत होता तो त्याचा उजवा कान, आणि आदल्या रात्री दहा वाजता संपलेल्या रॉक कार्यक्रमापासून तेरा तास तो सलग वाजत होता.

मी कोल्हापुरात श्रवणतज्ज्ञ म्हणून काम करते. मोठ्या आवाजाने दुखावलेले कान माझ्याकडे नेहमी येतात. त्यांत शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फौंड्रीत उमेदीची वर्षे काढलेले कामगार असतात, दिवाळीनंतर फटाक्यांची प्रकरणे असतात आणि अनंत चतुर्दशीच्या पुढच्या आठवड्यात डॉल्बीची असतात. मात्र यांतल्या जवळजवळ कोणाचाही दुखापतीच्या आधीचा श्रवणालेख, म्हणजे श्रवणचाचणीचा आलेख, उपलब्ध नसतो, आवाज नेमका किती होता हे कोणी मोजलेले नसते आणि माणूस तिथे किती वेळ उभा होता हे तो स्वतःही अंदाजानेच सांगतो. या प्रकरणात तिन्ही गोष्टी योगायोगाने हाती आल्या. डिसेंबरात यंत्राचे कॅलिब्रेशन झाल्यावर खात्री करून घेण्यासाठी मी घरच्याच माणसाला खुर्चीत बसवले होते, तो हा भाचा. फेब्रुवारीतल्या त्या कार्यक्रमाला मी स्वतः ध्वनिमापक घेऊन हजर होते, आणि नंतर तो मला हवा तेव्हा तपासायला मिळाला. त्याच्या संमतीने हे लिहीत आहे. त्याचे नाव, त्याचे कॉलेज आणि कार्यक्रमाचे ठिकाण यांचा उल्लेख टाळला आहे.

तयार कानाची समजूत

मुलगा २१ वर्षांचा, अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला, राहायला शिवाजी पेठेत. लहानपणापासून तालमीत जाणारा, तब्येतीने ठणठणीत, कानाचा कोणताही जुना आजार नसलेला आणि कानाला अपाय करू शकेल असे कोणतेही औषध न घेणारा. गणपतीत मंडळाच्या ट्रॅक्टरपुढे तो सातवी-आठवीपासून नाचत आला आहे. कोल्हापुरात मिरवणुकीच्या ध्वनियंत्रणेला, ती कोणत्याही कंपनीची असो, डॉल्बीच म्हणतात, आणि या डॉल्बीपुढे वर्षानुवर्षे उभे राहिल्यामुळे आपले कान "तयार" झाले आहेत अशी त्याची व त्याच्या मित्रांची ठाम समजूत होती. कार्यक्रमाला निघताना मी इयरप्लग पुढे केले तेव्हा त्याने हेच मला ऐकवले.

ही समजूत हसून सोडून देण्याजोगी नाही, कारण ती या शहराच्या अनुभवातून आलेली आहे. तालमीत अंग रगडले की ते कणखर होते, हे इथे प्रत्येक पेठेने पाहिलेले आहे. माझे वडील, म्हणजे भाच्याचे आजोबा, खासबागेत कुस्त्या केलेले पैलवान होते आणि त्यांचे दोन्ही कान मोडलेले होते. पैलवानाचा मोडका कान ही आमच्याकडे लपवायची गोष्ट नसते. लग्नाच्या फोटोत तो मुद्दाम दिसेल असे बसतात. परंतु तिथे जे मोडते ते बाहेरचे पाळे असते. घर्षणाने आणि माराने कूर्चा आणि तिच्यावरचे आवरण यांच्यामध्ये रक्त साकळते, कूर्चेचे पोषण तुटते आणि पाळे गड्ड्यासारखे घट्ट होऊन बसते. ऐकण्याचे काम त्याच्या बरेच आत चालते. वडिलांचे कान दिसायला भाजलेल्या बटाट्यासारखे होते, पण उतारवयातही मागच्या खोलीत बसून ते कुकरच्या शिट्ट्या अचूक मोजत आणि आईला हाक मारून सांगत.

आतल्या कानात रगडून कणखर होईल असे काहीच नसते. तिथे गोगलगायीच्या शंखासारखी वळलेली, द्रवाने भरलेली एक नळी असते आणि तिच्यात एका कानाला सुमारे १५ हजार केशपेशी असतात. आवाजाची लाट त्या द्रवातून जाते तेव्हा पेशींच्या टोकाचे सूक्ष्म केस झुकतात आणि त्यातून मेंदूकडे संदेश निघतो. या पेशी माणसात पुन्हा उगवत नाहीत. मधल्या कानात एक चिमुकला स्नायू मोठा आवाज आला की आवळतो आणि थोडे संरक्षण देतो हे खरे. परंतु तो आवळायला सेकंदाचा दहावा भाग किंवा त्याहून अधिक वेळ घेतो, मुख्यतः खर्जाचाच आवाज अडवतो आणि सततच्या गदारोळात थकतो. सरावाने तो भक्कम होत नाही. भाच्याला डॉल्बीची सवय झाली होती याचा अर्थ एवढाच, की मोठ्या आवाजाबद्दलची त्याची नापसंती मेली होती.

(गाण्याच्या जगात "कान तयार आहे" याचा अर्थ अगदी वेगळा. अल्लादिया खाँसाहेबांच्या या गावात ज्यांनी माइकशिवायच्या बैठकी ऐकल्या, त्यांचा कान तयार झाला तो बारकावे टिपण्यासाठी. त्याच शब्दाने आज सहनशक्ती मोजली जाते, याची मला गंमतही वाटते आणि थोडे वाईटही.)

शेड, बेस आणि टॉप

कार्यक्रम शहराबाहेर, महामार्गालगतच्या एका मोठ्या शेडमध्ये होता. वर पत्रा, खाली शहाबादी फरशी आणि तीन बाजूंना गिलावा केलेल्या उघड्या भिंती, असे ते बांधकाम. लग्नसराईत तिथे पंगती बसतात. पडदे, गालिचे किंवा आवाज शोषून घेईल असे दुसरे काही तिथे नव्हते. वादक परगावचे होते. ध्वनियंत्रणा मात्र इथलीच, मिरवणुकांना जाणारी. रंगमंचाच्या दोन्ही अंगांना स्पीकरची चळत रचली होती, खाली खर्जाचे बेस आणि वर तीक्ष्ण पट्टीचे टॉप, आणि रंगमंचासमोर बॅरिकेड असले तरी चळतींच्या पुढ्यात काहीच नव्हते. ज्याला हवे त्याने चळतीला पाठ लावून उभे राहावे, अशी मोकळीक होती.

यंत्रणेच्या मालकांशी मी कार्यक्रमाआधी बोलले. वय पन्नाशीचे, अतिशय नम्र माणूस, कानांत कापसाचे बोळे. आवाजाची पातळी किती ठेवणार, या प्रश्नावर त्यांनी दिलेले उत्तर मी त्याच रात्री उतरवून ठेवले: "मॅडम, बेस छातीत बसल्याशिवाय पोरांना पैसे वसूल झाल्यासारखं वाटत नाही. आवाज कमी केला, तर पुढची सुपारी दुसऱ्याला जाते." प्रश्न मात्र मला दोनदा विचारावा लागला होता आणि दुसऱ्या वेळी ते माझ्या ओठांकडे पाहत होते. कापसाच्या बोळ्याने फार थोडा आवाज अडतो. पण ते तरी काही घालत होते, प्रेक्षकांपैकी कोणीच नाही.

सातला सुरू व्हायचा कार्यक्रम ७ वाजून ५० मिनिटांनी सुरू झाला. दहाला बंद करणे भाग होते, त्यामुळे मध्यंतर रद्द करण्यात आले. वेळेचा हा हिशेब वरवर क्षुल्लक वाटतो, परंतु कानाच्या दृष्टीने तो महत्त्वाचा ठरला, कारण मध्यंतरात मिळणारी पंधरा-वीस मिनिटांची विश्रांती त्यामुळे कोणालाच मिळाली नाही.

पहिला ठोका पडला तेव्हाचा अनुभव आकड्यांत सांगण्याआधी शब्दांत सांगते. मी सगळ्या आवाजांची पातळी जुळवणाऱ्या मिक्सरच्या टेबलाजवळ, रंगमंचापासून सुमारे २५ मीटरवर, नीट बसवलेले इयरप्लग घालून उभी होते. तरीही बेस ड्रमचा प्रत्येक ठोका छातीच्या पिंजऱ्यात हाताने थोपटल्यासारखा जाणवत होता, ओढणीची कड थरथरत होती आणि शेजारच्या टेबलावरचे पाण्याच्या बाटलीचे टोपण आपल्या आपण सरकत कडेला जाऊन खाली पडले. इयरप्लग काढून मी अर्धे मिनिट ऐकले. गिटारचा आवाज कानात येण्याऐवजी कपाळावर आदळतो आहे असे वाटले. शब्द एकही कळेना, आणि तरी ते ओरडणे, तो झगझगाट आणि एकाच ठेक्यावर उड्या मारणारी हजारभर मुले यांत काहीतरी ओढून घेणारे आहे हे मला नाकारता आले नाही. हे लिहायला हवे, कारण आवाजाच्या धोक्याबद्दल लिहिणारे बहुतेक लोक त्या आनंदाबद्दल काहीच बोलत नाहीत आणि त्यामुळे मुले त्यांचे ऐकत नाहीत.

भाचा त्या वेळी कुठे होता? प्रेक्षकांच्या उजव्या हाताच्या चळतीपासून तीन मीटरवर. चळत त्याच्या उजव्या कानाच्या बाजूला होती आणि तो पहिली ५० मिनिटे तिथेच होता. मी दिलेले फोमचे इयरप्लग त्याने दुसऱ्या गाण्यातच काढून खिशात टाकले. मित्र हसले हे एक कारण. परंतु नंतर विचारल्यावर खरे कारण बाहेर आले, आणि त्यात चूक माझी होती. तो बँडबरोबर मोठ्याने गात होता. कानाचे भोक अर्धवट बुजले की स्वतःचा आवाज डोक्याच्या आत रांजणात बोलल्यासारखा घुमतो. प्लग खोलवर बसला तर ही घुमारी बरीच कमी होते. मी प्लग त्याच्या हातात ठेवले, पण ते घालायचे कसे हे दाखवले नाही. बोटांनी लाटून बारीक करायचे, दुसऱ्या हाताने पाळे वर आणि मागे ओढायचे, प्लग आत सारायचा आणि तो फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटाने धरून ठेवायचा. एवढे सांगायला मला एक मिनिट लागले असते. त्याने ते नुसते भोकाशी टेकवले होते.

मोजमाप

ध्वनिमापक वर्ग २ चा होता आणि कार्यक्रमाच्या आधी व नंतर ९४ डेसिबलच्या प्रमाणसुराने तपासलेला होता. पुढचे आकडे, वेगळे सांगितले नसेल तिथे, मानवी कानाच्या संवेदनेप्रमाणे भार दिलेल्या म्हणजे ए प्रमाणातले सरासरी आकडे आहेत. मिक्सरजवळ कार्यक्रमभरातली सरासरी ९७ डेसिबल आली. उजव्या चळतीपासून तीन मीटरवर ८ वाजून ५ मिनिटांनी १०६ आणि ८ वाजून ३५ मिनिटांनी १०९ मिळाले. बाहेर वाहनतळावर ८४ होते.

डेसिबलची मोजपट्टी सरळ रेषेची नसते, आणि इथेच बहुतेकांची फसगत होते. पातळी ३ डेसिबलने वाढली की ध्वनीची ऊर्जा दुप्पट होते. अमेरिकेतील नायोश ही कामगारांच्या सुरक्षेविषयी संशोधन करणारी सरकारी संस्था ८५ डेसिबलला आठ तासांची मुभा देते आणि पुढच्या प्रत्येक ३ डेसिबलला ती मुदत निम्मी करते. या हिशेबाने ९७ ला अर्धा तास, १०० ला १५ मिनिटे आणि १०६ ला पावणेचार मिनिटे मिळतात. नंतरचे १०९ बाजूला ठेवून सर्व वेळ १०६ च धरले, तरी भाच्याने पहिल्या ५० मिनिटांतच एका दिवसाची मुभा तेरापट ओलांडली. अर्थात ही मर्यादा आयुष्यभर रोज आवाजात काम करणाऱ्यांसाठी आखलेली आहे. एका संध्याकाळी ती मोडली म्हणजे बहिरेपण आलेच असे ती सांगत नाही. मी ती फक्त आवाजाचे वजन कळावे म्हणून वापरते. जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२२ मध्ये करमणुकीच्या ठिकाणांसाठी प्रसिद्ध केलेले मानक अधिक लागू पडते. त्यात कोणत्याही १५ मिनिटांची सरासरी १०० डेसिबलवर जाऊ नये, पातळी सतत मोजली जावी, इयरप्लग मिळावेत आणि कान निवण्यासाठी शांत जागा असावी असे म्हटले आहे. मिक्सरजवळचा भाग या मर्यादेत बसत होता, चळतीजवळचा नाही.

उघड्या मैदानात एका ठिकाणाहून येणारा आवाज अंतर दुप्पट झाले की ६ डेसिबलने उतरतो. म्हणजे तीन मीटरवरून चोवीस मीटरवर जाताना तो १८ डेसिबलने उतरायला हवा होता. इथे तो ९ ते १२ डेसिबलच उतरला. पत्रा, फरशी आणि भिंती तो परतवून लावत होत्या. शिवाय दुसऱ्या बाजूची चळतही त्यात भर घालत होती.

आणखी एक निरीक्षण मला अधिक महत्त्वाचे वाटते. चळतीजवळ खर्जाला पूर्ण वजन देणाऱ्या सी प्रमाणात मोजले तेव्हा आकडा १२१ आला. ए आणि सी यांतली ही तफावत बेसमुळे होती: ५० हर्ट्झच्या आवाजातून ए प्रमाण सुमारे ३० डेसिबल वजा करते, कारण त्या पट्टीला कान फारसा संवेदनशील नसतो. छाती हलवणारा बेस सर्वांना भीतीदायक वाटतो आणि सगळी चर्चा त्याच्याभोवतीच होते. भाचाही मला नंतर म्हणाला, की बेसपासून लांब जावे म्हणून तो चळतीच्या समोरून बाजूला सरकला होता. परंतु त्याच्या कानाला जे झाले ते वरच्या टॉपमधून आलेल्या गिटारच्या आणि झांजांच्या तीक्ष्ण पट्टीने, आणि टॉपचे तोंड नेमके त्याच्या डोक्याच्या उंचीला होते.

दरम्यान पातळी १०६ वरून १०९ वर का गेली, हेही पाहण्यासारखे आहे. मिक्सरवर बसलेल्या तरुणाचे कान इतरांसारखेच थकत होते. कान थकला की आधी वरची पट्टी मंद वाटू लागते. मग तो तिला थोडे वर ढकलतो, गिटारवादकाला आपले वाद्य ऐकू येईना म्हणून तो आपला अँप्लिफायर वाढवतो आणि गायकाला त्याच्यावर जायचे असते. यात कोणाचाही हेतू वाईट नसतो. आकडा समोर दिसत नसला, की रात्र अशीच चढत जाते. रॉकच्या जगात एके काळी हा आकडा मिरवला जात असे: ३१ मे १९७६ रोजी लंडनमधील चार्ल्टनच्या फुटबॉल मैदानावर द हू या बँडने ३२ मीटर अंतरावर १२६ डेसिबल गाठले आणि गिनेसने त्याची विक्रम म्हणून नोंद केली. पुढे कानांना अपाय होतो म्हणून गिनेसने हा प्रकारच बंद केला. त्याच बँडचा गिटारवादक पीट टाउनशेंड याने आपल्या बिघडलेल्या श्रवणाबद्दल आणि कर्णनादाबद्दल नंतर उघडपणे सांगितले आहे.

रविवार सकाळ

रात्री घरी येताना भाचा दुचाकीवर मागे बसून ओरडून बोलत होता आणि आपण ओरडतो आहोत हे त्याला कळत नव्हते. कानांत दडे बसले होते, उजवीकडे बारीक शिट्टी चालू होती, आणि हे सर्व तो "नाद खुळा झाला" अशा खुशीत सांगत होता. सकाळी शिट्टी गेली नाही तेव्हा त्याचा चेहरा उतरला.

दुर्बिणीने पाहता दोन्ही पडदे शाबूत होते, मळ नव्हता आणि मधल्या कानाचा दाब नेहमीचा होता. श्रवणालेखात उंबरठा, म्हणजे ऐकू येणाऱ्या सर्वांत बारीक सुराची पातळी, डिसेंबरात सर्व पट्ट्यांवर ५ ते १५ डेसिबल, म्हणजे उत्तम, होता. रविवारी उजव्या कानात ४ हजार हर्ट्झला तो ४० वर आणि ६ हजारला ३५ वर गेला होता. ८ हजारला पुन्हा २० वर आला होता. डाव्या कानात ४ हजारला २५ होते. खर्जाच्या पट्ट्या जशाच्या तशा होत्या. केशपेशींची स्वतःची प्रतिक्रिया मोजणारी ओएई चाचणीही उजवीकडे त्याच पट्टीत क्षीण आली. शिट्टीशी जुळणारा सूर शोधला तो ६ हजार हर्ट्झच्या आसपास मिळाला, म्हणूनच तो माझे सूर समजून बटण दाबत होता. मग मी सलग सुराऐवजी तुटक, ठिपक्यांसारखा सूर वापरला, तेव्हा चाचणी विश्वासार्ह झाली.

आलेखातली ४ हजारची ही खाच मोठ्या आवाजाची सही मानली जाते. कानाची बाहेरची नळी सुमारे अडीच सेंटिमीटर लांब असते आणि तिच्या लांबीमुळे ३ हजार हर्ट्झच्या आसपासचा आवाज पडद्यापर्यंत पोहोचेपर्यंत आपोआप वाढतो. आतल्या कानातली इजा त्याच्या किंचित वरच्या पट्टीत उमटते. उजवा कान चळतीकडे होता आणि वरच्या पट्टीच्या आवाजाला डोके आडोसा देते, म्हणून डावा कमी दुखावला. मराठीत या अवस्थेला फार पूर्वीपासून "कानठळ्या बसणे" म्हणतात. शास्त्र तिला उंबरठ्याचे तात्पुरते सरकणे म्हणते, आणि त्यातला तात्पुरते हा शब्द खरा ठरेल की नाही, हे त्या सकाळी मला सांगता येत नव्हते.

त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवले. श्रवण अचानक बरेच घटले, विशेषतः एका कानात, तर स्टिरॉइडचा निर्णय लवकर घ्यावा लागतो, आणि "दोन दिवसांत आपोआप सुटेल" म्हणून घरी थांबणाऱ्यांचा हाच मोलाचा काळ हातातून जातो. त्यांनी आलेख पाहून दोन दिवस निरीक्षणाचा निर्णय घेतला: पूर्ण शांतता, हेडफोन बंद, तालीम चालेल पण मोटारसायकलवर लांबचा प्रवास नको, आणि मंगळवारी पुन्हा तपासणी. घरच्यांनी कोमट तेल घालण्याची तयारी केली होती, ती मी थांबवली. बाहेरून घातलेले तेल पडद्याच्या पलीकडे जात नाही.

कायदा कोणासाठी

या टप्प्यावर माझ्या बहिणीने, म्हणजे मुलाच्या आईने, विचारलेला प्रश्न साधा होता: इतका आवाज लावायला परवानगी मिळतेच कशी? ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपकाला मनाई करतात, आणि सार्वजनिक ठिकाणच्या हद्दीवर आवाज त्या परिसराच्या मर्यादेपेक्षा १० डेसिबलने अधिक किंवा ७५ डेसिबल, यांतील जे कमी असेल त्याच्यावर जाऊ नये असे सांगतात. म्हणजे ते आवाज मोजतात तो कुंपणापाशी. दहा वाजता पोलिसांची गाडी फाटकात आली, दहा वाजता शेवटची तार थांबली आणि सर्वांनी आपापले काम चोख केले. कुंपणाबाहेर झोपणाऱ्या माणसासाठी हा कायदा चांगला आहे. तिकीट काढून चळतीला टेकून उभ्या राहिलेल्या मुलाच्या कानाशी किती डेसिबल होते, हे विचारण्याची जबाबदारी त्या रात्री कोणावरच नव्हती. जागतिक आरोग्य संघटनेचे मानकही ऐच्छिक आहे. आयोजक विद्यार्थ्यांना मी नंतर भेटले. त्यांनी अग्निशमन, रुग्णवाहिका, पाणी, मुलींसाठी वेगळे प्रवेशद्वार या सगळ्यांचा विचार केला होता. चळतीपुढे आठ-दहा मीटरवर दोरी बांधायला काहीच खर्च आला नसता, पण ते कोणी सुचवलेच नव्हते.

इयरप्लगांचा उपयोग होतो का, या त्यांच्या शंकेवर माझ्याकडे नेमके उत्तर होते. २०१५ मध्ये ॲमस्टरडॅममधील एका खुल्या संगीत महोत्सवात ५१ स्वयंसेवकांवर चाचणी झाली. साडेचार तास, सरासरी १०० डेसिबल. प्लग न घातलेल्यांच्या ४२ टक्के कानांत उंबरठा सरकला होता, घातलेल्यांच्या ८ टक्के कानांत. त्या रात्री दोन तासांहून अधिक वेळ प्लग घालून उभी राहून माझ्या स्वतःच्या आलेखात काहीही बदल झाला नाही, पण एका माणसाचा पुरावा म्हणून मी त्याला फार किंमत देत नाही.

पुढचे दिवस

मंगळवारी उजव्या कानाचा ४ हजारचा उंबरठा ४० वरून २० वर आला आणि डावा पूर्ववत झाला. औषधाची गरज उरली नाही. दहाव्या दिवशी उजवीकडे १५ होते, जे डिसेंबरच्या १० पासून चाचणीच्या नेहमीच्या फरकाइतकेच दूर आहे. कागदावर मुलगा बरा झाला होता, आणि इथे कोणी फाइल बंद केली असती तर ती चूक म्हणता आली नसती.

मात्र त्याच्या दोन तक्रारी राहिल्या. रात्री पंखा बंद केला की शिट्टी परत येई, आणि कॉलेजच्या कँटीनमध्ये समोरच्या माणसाचे बोलणे ऐकू आले तरी शब्द सुटे होत नसत. हार्वर्डमधील कुजावा आणि लिबरमन यांनी २००९ मध्ये उंदरांवर केलेले काम मला या ठिकाणी आठवते. मोठ्या आवाजानंतर उंदरांचे उंबरठे पूर्ववत झाले, केशपेशीही जागेवर होत्या, तरी पेशी आणि मज्जातंतू यांना जोडणारे निम्म्याच्या आसपास सांधे वरच्या पट्टीत कायमचे गेले होते. शांत खोलीतल्या साध्या चाचणीत ही हानी दिसत नाही. माणसाच्या जिवंत कानात ती थेट मोजण्याचा मार्ग नाही, त्यामुळे भाच्याच्या बाबतीत असेच झाले असे मी म्हणणार नाही. माझा आलेख स्वच्छ असणे आणि त्याचा कान जसा होता तसा असणे या दोन गोष्टी एकच नाहीत, एवढेच मी त्याच्या आईला सांगितले. पहिलवानाच्या मोडक्या कानाची खूण साऱ्या गावाला दिसते. याची खूण असलीच, तर ती कँटीनमधल्या त्या टेबलावरच दिसणार होती.

कँटीनची तक्रार महिन्याभरात कमी झाली. या काळात त्याने दोन गोष्टी स्वतःहून केल्या: मंडळातल्या पोरांना इयरप्लग लाटून घालायला शिकवले, त्यातल्या दोघांनी ते घातले आणि बाकीच्यांनी चेष्टा केली, आणि ध्वनियंत्रणेच्या त्या मालकांचा नंबर शोधून त्यांना माझ्याकडे चाचणीला यायला सांगितले. "गणपतीचा सीझन झाला की येतो," असा त्यांचा निरोप आला. अजून आलेले नाहीत.

मे महिन्यात, नव्वदाव्या दिवशी, भाचा पुन्हा त्याच खुर्चीत बसला. उजवीकडे ४ हजारला १५, डावीकडे १०, ओएई पूर्वीसारखी. सर्व सूर संपल्यावर मी त्याला न सांगता दोन मिनिटे काहीच वाजवले नाही आणि काचेतून त्याच्या अंगठ्याकडे पाहत राहिले. त्याने बटण एकदा दाबले.